बिनसाखरेचा चहा

पारूअक्का,
जय भीम.

तुमच्या भावाची शुगर पुन्हा वाढली. आता चालताना पायातली चप्पल निसटते आन् त्यांना कळत बी न्हाई.

खरं सांगते, माझा संशय तुमच्यावरच होता. आठ वर्षं झाली, माझ्या घरात साखरेचा डबा न्हाई. मग हे दर ऐतवारी लोह्याला तुमच्याकडं येऊन काय खातात? परत आले की मी त्यांचा रुमाल झटकून बुंदीचा कण पडतो का बघायची. शेवटी "अक्काच्या सुनेला तुमचं येणं आवडत न्हाई," असं त्यांच्या मनात भरवलं. चार महिने झाले, ते तुमच्या दारी आले न्हाईत.

तरी शुगर वाढलीच. काल अहमदपूरच्या दवाखान्यात नर्सनं विचारलं, "चहा कसा देता?" मी ताठ मानेनं म्हणलं, "गुळाचा. दिवसातून चारदा." ती लिहिता लिहिता थांबली. "मावशी, साखर काय आन् गूळ काय, रक्तात गेलं की सारखंच."

हेच तुम्ही मला लई आधी सांगितलं होतं, माझ्याच ओट्यापाशी उभं राहून. तवा वाटलं, नणंद माझ्या चहात खोट काढून राहिली.

हे काल घरी आल्यापासून गुळाच्या डब्याकडंच बघत बसलेत. सुनेचं मीच रचलं हे त्यांना कळलं का, म्हणून मी त्यांचं तोंड बघून राहिले.

हे पत्र काही मी टपालात टाकणार न्हाई. ऐतवारी त्यांनाच पाठवते, अक्कानं बोलावलंय म्हणून. त्यांनी सुनेचं विचारलं, तर तुम्ही मला सांभाळून घ्याल का, तेवढाच आता संशय हाय.

तुमची भावजय,
विशाखा