पंखाची दुरुस्ती

१० मार्च, मंगळवार

आधी सगळ्यांची विचारपूस, मग बाकीचं. भिंगरीचा खांदा — बरा, शेक दिला. तिच्या आईचं, म्हणजे आमच्या ताईचं डोकं — फोनवर तरी थांबलंय म्हणाली. माझी कंबर — तिचं नाव काढू नये. आणि भिंगरीची शिडाची फळी? सगळ्यांत ठणठणीत तीच. आज तीन शर्यती, तिन्हीत पहिली! भाची माझी, पण पाण्यावर गेली की वाऱ्याची वाटते. शिडात वारा भरला की फळी पाण्याच्या हातभर वर उचलली जाते; खाली पाणी कापतो तो फक्त पंख. आणि तो पंख मी दुरुस्त केलेला. गेल्या वर्षी स्पर्धेच्या तोंडावर खडकाला घासला होता. ओरखड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, आठ दिवस पॉलिश पेपर मारला. मी कुठल्या शाळेत शिकले नाही, या बोटांनी शिकले.

पहिल्या दोघींना संघात जागा. पोरीला तेवढंच हवंय, दुसरं काही नाही.

११ मार्च

रागाने अक्षर धड येत नाही.

सकाळी मोजणीवाला पत्र्याचा साचा घेऊन आमच्या तंबूत आला. पंख कारखान्यातून येतो तसाच राहायला हवा, असा नियम. आमच्या पंखाला साचा लावला, एक डोळा मिटला. "कडेला फट दिसते. बाई, हा कुणी घासलाय?"

"मी. ओरखडे काढले."

"ओरखडे काढा हो. आकार कशाला काढलात?"

कालच्या तिन्ही शर्यती बाद. मी म्हटलं, खरचटल्यावर मलम लावणं हा गुन्हा झाला का? तर म्हणे, "मलमाने माणूस बारीक होत नाही, बाई." वर हसला. तंबूच्या दाराशी दोन पोरी ऐकत होत्या. दुपारपर्यंत किनाराभर 'लबाडी' हा शब्द फिरला. लबाडी! चाळीस वर्षं लोकांची शिडं शिवली, फळ्या सांधल्या. कुणाची बोट दाखवायची हिंमत झाली नाही.

भिंगरी आयोजकांकडचा पंख लावून पाण्यात गेली. नववी. मग अकरावी.

१२ मार्च

बारावी, दहावी. तो पंखच टाकाऊ आहे. तसं बोलले तर भिंगरी म्हणते, "पंख बरा आहे गं मावशी. मी वळताना आधीच रेलते, मग फळी आपटते. आपल्या पंखावर ते खपून जायचं."

खपून जायचं म्हणे! मी रात्रंदिवस खपले, ते गेलं कुठे?

ताईचा फोन. "तुला सगळ्यातच हात घालायचा असतो." मी फोन ठेवून दिला.

१३ मार्च

वारा पडला. शर्यती नाहीत.

मोजणीवाल्याला खोटं पाडायचंच म्हणून त्याच्या तंबूत गेले. कोरा करकरीत पंख मागून घेतला, आपला शेजारी ठेवला. डोळे मिटून दोन्हींच्या कडेवरून अंगठा फिरवला.

नव्याची कड बोथट. आपली नाही.

मी दुरुस्ती केली नव्हती. धार लावली होती. घासताना हाताला बरं वाटत गेलं आणि मी थांबले नाही.

मोजणीवाल्याने चहा पुढे केला. घेतला नाही. मेल्याला नेमकं बरोबर ठरायची काय गरज होती?

भिंगरीला सांगितलं नाही.

१४ मार्च

शेवटची शर्यत — चौथी. दात काढत पाण्याबाहेर आली. तीनदा पहिली आली तेव्हाही अशी हसली नव्हती. "मावशी, एकदाही न आपटता वळले. सगळी वळणं!"

एकूण तेरावी. संघ हुकला. तेराव्या नंबराचं एवढं कौतुक कशाला, म्हणून तिच्यावर खेकसले. मग तिच्याकडे बघवेना. अंगठ्याने जे सांगितलं ते सांगून टाकलं.

ती केस पिळत राहिली. मग म्हणाली, "गेल्या वर्षीही हाच पंख होता ना?"

"हो."

"एका गुणाने जिंकले होते मी."

त्यानंतर जेवताना फक्त 'मीठ दे' एवढंच.

१५ मार्च

भिंगरीने स्पर्धा घेणाऱ्या मंडळाला पत्र लिहिलंय. 'गेल्या वर्षीचा माझा पहिला नंबर काढून दुसरी आलेल्या मुलीला द्या.' मध्येच एक ओळ — 'पंख मी घासला होता.'

'मी' म्हणे! पोरीने आयुष्यात पॉलिश पेपर हातात धरलेला नाही. ती ओळ खोडली, वर लिहिलं: हिच्या मावशीने घासला, हिला ठाऊक नव्हतं. सही केली. आणि खाली जागा उरली होती तिथे — त्या दुसऱ्या मुलीचा पत्ता कळवा, तिला मला स्वतः लिहायचं आहे. उत्तर लवकर पाठवा.