किनाऱ्यावर सापडलेले कपडे

बोईसर, ता. ८-११-६७

ती. रामकिसनदादांस रत्नाचा शि. सा. न. वि. वि.

खुशाली लिहावी असं इकडे काही उरलं नाही. रविवारी हे शिरगावला समुद्रस्नानाला गेले, ते परतलेच नाहीत. कपडे किनाऱ्यावर सापडले. त्याच दिवशी यांच्या ठेकेदाराच्या गोदामातून तांब्याची तार चोरीला गेली, आणि गोदामाची किल्ली यांच्याकडे असते. त्यामुळे फौजदार पाण्यात शोधायलाच तयार नाहीत. म्हणतात, असलं रेडिओवर ऐकलंय. तुमच्या श्रुतिकेतला चोर, तो दिनकर, कपडे वाळूवर ठेवतो, भरतीत पोहत दुसऱ्या गावी निघतो आणि गाडीत बसून पसार होतो. यांनीही तसंच करून उमरोळीला गाडी धरली म्हणे. यांना धड पोहताही येत नाही, दादा.

शेजारची जिवली कोळीण म्हणाली, "पलाला असंल तर बरंच हाय बाई. जिता तरी हाय." मी तिच्यावरही ओरडले.

दिनकर तुमचा. तुम्हीच फौजदारांना सांगा, असं होत नसतं. लोभ आहेच, आता धीर द्या.

तुमची,
रत्ना

पुणे, ता. ११-११-६७

चि. सौ. रत्नास अनेक आशीर्वाद.

तापाने अंथरुणात आहे, नाहीतर पत्राऐवजी मीच आलो असतो. उसनी नेलेली छत्री पार्सलने परत पाठवणारे आमचे पुंजारामराव, ते तार चोरतील? मी जालन्याचा, समुद्र फक्त चित्रात पाहिलेला. भरतीत माणूस पोहेल कसा, हे दिनकरचं काम करणाऱ्या नटानेच विचारलं होतं. मला उत्तर सुचेना, म्हणून त्या प्रसंगात नुसती सतार वाजवली आणि ऐकणाऱ्यांना पटलं. फौजदारांना हे सगळं कळवलंय, होड्या पाठवा म्हणून विनवलंय. तू जेवत जा. वहिनीचे आशीर्वाद.

तुझा,
रामकिसनदादा

बोईसर, ता. १७-११-६७

ती. दादांस रत्नाचा नमस्कार.

फौजदारांना तुमचं म्हणणं पटलं. दुसऱ्याच सकाळी त्यांनी होड्या पाठवल्या. जाळ्याच्या खुंटांना अडकलेले हे सापडले. हातातल्या कड्यावरून ओळखलं. तारही नंतर मुकादमाच्या खोपटात निघाली. फौजदार हात जोडून गेले. यांच्यावरचा डाग गेला, असं सगळे सांगतात.

मी साऱ्यांशी भांडले, पण रोज गाडीची शिट्टी झाली की दार उघडून उभी राहायचे. दिनकरला जमलं तसं यांनाही जमलं असेल, असं वाटायचं. फौजदारांना तुमचं पत्र गेलं आणि तेही संपलं. चोर म्हणून का होईना, आले असते तर मला चाललं असतं, दादा.

बरं वाटलं की येऊन मला घेऊन जा.

तुमची,
रत्ना