मावशीचा चेहरा आणि माझी उमेदवारी

१४ एप्रिल
नलू मावशीला फेसलिफ्ट करून घ्यायचं आहे. दोनदा विचारून खात्री केली. वय अठ्ठावन्न, धंदा सुक्या मासळीचा, पद सातपाटीच्या आमच्या महिला सोसायटीची चेअरमन, आणि इच्छा ही. कारण काय, तर मागच्या सभेत कुणीतरी म्हणालं, नलूबाय आता दमली, तोंडावरनं दिसतं. मावशी म्हणते, मी नाय दमली, तोंड दमलंय, मग तोंडाचंच बघू ना.

अशा बुद्धीच्या हातात आमची सोसायटी आहे.

मला म्हणाली, वैभवीबाय, तू शिकलेली हायस, जरा वाचून सांग त्यात काय काय मिळतं. जशी काही पापलेटं बघायला निघालीय. मी हो म्हटलं, कारण प्लॅन तयार आहे. सगळं खरं खरं सांगायचं. सत्य कळलं की माणूस आपोआप सुधारतो. जुलैच्या सभेत नवीन चेअरमन निवडायची आहे. मावशीने मोठ्या मनाने बाजूला व्हावं, मी उभी राहीन. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून ती माझी जबाबदारी आहे. पदाचा मोह अजिबात नाही.

२२ एप्रिल
आठवडाभर फक्त वाचन. गाल वर न्यायचे इतके प्रकार असतील असं वाटलं नव्हतं. धागे घालून ओढतात ती थ्रेड लिफ्ट, वर्ष-दीड वर्षात पुन्हा जैसे थे. मिनी फेसलिफ्टमध्ये कानापुढे लहान छेद, काम फक्त गालाच्या खालच्या भागाचं. पूर्ण फेसलिफ्टमध्ये छेद कानाभोवती मागपर्यंत जातो, कातडीखालचा थरही उचलून टाचतात, मानही घट्ट करतात. डीप प्लेन म्हणून त्याहून खोल जाणारा प्रकार वेगळाच. रक्त साचू शकतं, नस दुखावू शकते. सगळं मावशीला सांगितलं, चित्रं काढून. रक्ताचं जरा रंगवून.

ती बोंबील निवडत होती. म्हणाली, धाग्याचं नको, वर्षात सुटणारा टाका घालायचा कशाला, जाळं कोण असं शिवतं काय. पूर्णचं परत सांग.

घाबरायलासुद्धा थोडं शिक्षण लागतं.

४ मे
पालघरला डॉक्टरकडे. मुंबईचे आहेत, महिन्यातून एकदा इथे बसतात. वेटिंगमध्ये बोईसरच्या एका कारखानदाराची बायको. चेहऱ्यावर काही हलत नव्हतं, फक्त मोबाईलवरचा अंगठा. तिच्याकडे मी करुणेने पाहिलं. ती मला म्हणाली, फर्स्ट टाइम?

डॉक्टरांनी बीपी, शुगर, औषधं विचारली. मग तंबाखू. मावशी म्हणाली, छे, तंबाखू कुठली, नुसती मिश्री. डॉक्टर म्हणाले, मिश्री म्हणजे तंबाखूच. ऑपरेशनच्या किमान महिनाभर आधीपासून बंद, नंतरही बंद. नाहीतर कातडीला रक्त पुरत नाही, टाक्यांजवळ ती काळी पडून मरते.

मी टाळीच वाजवणार होते. मावशी सकाळी डोळे उघडायच्या आधी मिश्री लावते. कॉलेजात माझ्या तंबाखूमुक्तीच्या प्रोजेक्टला पहिला नंबर मिळाला तेव्हा पूर्ण प्रेझेंटेशन तिने दातांवर बोट फिरवत ऐकलं होतं. विषय संपला. विज्ञान माझ्या बाजूने आहे.

२० मे
मिश्री बंद. डबी खाडीत.

मी वर्षानुवर्षं सांगत होते, त्याचं काय? मावशी म्हणाली, तू बोलायचीस कॅन्सर होईल, तो होईल तेव्हा होईल. हा बोलला कातडी काळी पडेल, ती तर सगल्यांना दिसेल.

दिवसभर बडीशेप चावते आणि कैलासवर ओरडते. कैलास म्हणजे तिचा मुलगा, बोटीवर असतो. म्हणाला, वैभे, तू वाचलंस ना सगलं, मग माझ्या सुपाएवढ्या कानांचं पण काय असेल तर बघ. पातळी सोडायची नाही असं ठरवलं आहे.

३ जून
मासेमारी बंदी लागली. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, मासळी सुकवायची खळी रिकामी, बायका घरी. मावशीने ऑपरेशन बंदीतच घेतलं आहे.

आज रिकव्हरीवर वाचताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डोकं उंच ठेवून झोपायचं. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, उन्हात जायचं नाही. मऊ खायचं, कमी बोलायचं, हसायचं नाही. सूज आणि निळे-जांभळे डाग ओसरायला दोन-तीन आठवडे. म्हणजे ऐन निवडणुकीआधी चेअरमनबाई सुजलेल्या, मुक्या आणि घरात. मैदानात मी.

ऑपरेशनला आता माझा पूर्ण पाठिंबा आहे. बाईचा स्वतःच्या शरीरावर हक्क असतो. हे मी पहिल्यापासूनच मानत आले आहे.

२२ जून
काल ऑपरेशन झालं. पूर्ण फेसलिफ्ट, मानेसकट. सगळं ठीक. उद्या घरी सोडतील.

शेजारपाजारचे विचारायला लागले. फेसलिफ्ट म्हटलं तर गाव हसेल, आणि भावी चेअरमनच्या घराण्याची शोभा होईल. मी सांगितलं, मानेजवळचं ऑपरेशन आहे. हे खोटं नाही, मान त्यात होतीच. आईला आणि कैलासला शपथ घातली. कैलास म्हणाला, आयचा थोबडा टोपल्याएवढा सुजलाय, मी काय सांगू, माशी चावली?

२५ जून
एक लहानशी चूक झाली.

आमच्याकडे ऑपरेशन म्हटलं की कुणी घरी बसत नाही. त्यातून बंदी, कुणाला काम नाही. सकाळपासून रांग. शहाळी, पेज, अंडी, बिस्किटं. राहीबाई खळ्यावरची सगळ्यात जुनी बाई, ती उंबऱ्यातच रडायला लागली. मानेजवळ म्हंजे कॅन्सर तर नाय ना गो नलू?

मावशीला हसायची बंदी. तिने दोन्ही गाल हातांनी धरले आणि सांगून टाकलं, नाय गो बाय, तोंड उचलून घेतलंय.

मी चहाचा ट्रे घेऊन उभी. कुणीही हसलं नाही. राहीबाईने डोळे पुसले आणि म्हणाली, टाके बघू.

४ जुलै
प्रचार सुरू. घरोघर गेले. घरी कुणी नाही, सगळ्या मावशीकडे. मग मीही तिकडेच गेले. पॅकिंग, ब्रँडिंग, ऑनलाइन विक्री, तिन्ही मुद्दे मांडले. एक जण म्हणाली, बाय जरा सरक, उजेड येऊंदे. मावशीचे टाके निघालेत, ते बघणं चाललं होतं.

मावशी जास्त बोलत नाही. खाटेवर उशांना टेकून बसते. मीठ कुणाकडून घ्यायचं, बोंबील वाळत घालायची वलांडी आधी कुणाची बांधायची, यावरून बायका भांडतात आणि ती एक बोट वर करते. भांडण संपतं. याला मी लोकशाही म्हणणार नाही.

तिला वाकता येत नाही म्हणून केर मी काढते. मलम मी लावते. उशा मी रचते. हा सगळा ग्राउंड वर्कच आहे.

१६ जुलै
सूज उतरली. कानाजवळ अजून बधिर आहे, ते काही महिने राहील असं मीच तिला समजावलं. वस्तुनिष्ठपणे लिहायचं तर ती चांगली झोप झालेल्या बाईसारखी दिसते. इतका छळ करून एका झोपेइतका फरक.

बायका म्हणतात, नलूबाय ताजी झाली, आता अजून पाच वर्षं चालंल. म्हणू देत. सभेत मी बोलले की चित्र पालटेल. भाषण पाठ आहे.

२७ जुलै
सभा झाली. हॉल भरलेला.

माझं नाव मीच सुचवलं. अनुमोदनासाठी आईकडे पाहिलं. ती मावशीच्या पाठीशी उशी लावत होती. शेवटी मावशीच म्हणाली, बोलू द्या गो तिला, शिकलेली हाय.

बोलले. प्रश्न विचारा म्हटलं, तर इतके हात वर आले की मन भरून आलं. राहीबाईने विचारलं, धाग्याचं बरं की पुरं? मागून कुणी, मिश्री खरंच सोडावी लागते? डोळ्याखालच्या पिशव्या त्याच्यातच जातात का?

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण चुकीची माहिती घातक असते. डोळ्यांचं ऑपरेशन वेगळं असतं, तिथून सुरुवात केली. बायका पुढे सरकून बसल्या, मागच्यांना गप्प केलं. माझं इतकं कुणी कधीच ऐकलं नव्हतं.

छेद कुठून कुठे जातो ते दाखवायला मी हात उचलून कानामागे नेला. त्याच वेळी सेक्रेटरी मावशीच्या नावाला वर आलेले हात मोजत होती.

ठराव एकमताने मंजूर.