भुरीवरचा आळ

माय, त्या भुऱ्या कोंबडीचा काही दोष नव्हता. अंडी माझ्यामुळे थंड झाली. एवढं सांगायला मला चाळीस वर्षं लागली, आणि आता सांगते आहे तर तू जाऊनही पंधरा वर्षं होऊन गेलीत. तुला लिहिता-वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी हा कागद मलाच तुला वाचून दाखवावा लागला असता, आणि तुझ्यासमोर बसून हे वाचायची हिंमत मला काही झाली नसती. म्हणजे उशीर झाला तोही माझ्या सोयीचाच. ही पोरगी कामात आळशी आणि निमित्त शोधण्यात हुशार, असं तू आल्यागेल्याला सांगायचीस. मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

भुरी पहिल्यांदाच खुडूक झाली होती. अंडी देणं थांबवून टोपल्यात बसून राहायची, हात नेला की अंग फुगवून टोचायची. पण तू लगेच विश्वास ठेवणाऱ्यातली नव्हतीस. दोन दिवस तिला एकाच अंड्यावर बसवून पाहिलंस. उन्हाळ्यात एखादी अशी बसली तर तू तिच्याच पंखाचं पीस तिच्या नाकातून आरपार घालायचीस. ते काढायच्या नादात ती बसणं विसरायची आणि आठवडाभरात पुन्हा अंडी द्यायला लागायची. पण हे दिवस दिवाळीनंतरचे, पिल्लं काढायचेच. चुलीमागच्या खोलीत तू जुन्या टोपल्यात धानाची तणस पसरतेस, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून तिच्यात एक लोखंडी खिळा खुपसतेस, पिल्लं निघायच्या दिवशी अमावास्या येऊ नये म्हणून ती कधी आहे ते शेजारणीला विचारून येतेस. कोळशाने रेघ मारलेली तेरा अंडी मी एकेक करून तुझ्या हातात देते आहे. माझ्या हातून एकही पडत नाही आणि तू काहीच बोलत नाहीस. तू बोलली नाहीस म्हणजे काम बरं झालं, हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते काम माझ्याकडे आलं. रोज सकाळी भुरीला टोपल्यातून उचलून बाहेर आणायचं. ती आधी मोठी थोरली शीट टाकायची, मग पाणी प्यायची, तांदळाची कनकी टिपायची, चुलीच्या राखेत लोळायची. तेवढा वेळ खोलीचं दार लावून ठेवायचं, नाहीतर दुसरी कोंबडी आत शिरून त्याच टोपल्यात अंडं घालते. पंधरा-वीस मिनिटांत भुरी आपणहून दाराशी यायची. मग दार उघडायचं, ती आत गेली की पुन्हा लावायचं. यात चुकण्यासारखं काय होतं? मला शाळेतले पाढे येत होते, एवढं येत नव्हतं असं नाही. तू बजावून ठेवलं होतंस, "घडीघडी अंड्याले हात लावशील तं हात मोडून ठेवीन." एका दिवसाखेरीज मी हात कधी लावला नाही. चूक दुसरीकडेच झाली.

नवव्या दिवशी गावात मंडई होती, दिवाळीनंतरची जत्रा. तू पहाटेच धान कापायला गेलीस. मी भुरीला बाहेर काढलं, दार लावलं, आणि तेवढ्यात वडशाहून नाटकवाल्यांचा टेम्पो आला. शाळेच्या पटांगणात ते रात्रीच्या नाटकासाठी स्टेज बांधायला लागले. लाकडी फळ्या, दोरखंड, आणि एक रंगवलेला पडदा, त्याच्यावर राजवाडा आणि पायऱ्या. तो पडदा वर चढताना मी पाहिला, खाली येताना पाहिला, पुन्हा वर चढताना पाहिला. नाटकातली एक बाई खुर्चीवर बसून केस विंचरत होती, तिला पाणी आणून दिलं. भूक लागली तेव्हा मला भुरी आठवली. पळत आले तर ती बंद दारासमोर येरझारा घालत होती, आणि उन्हं कलली होती. दार उघडलं तशी ती मला ओलांडून आत गेली आणि बसली. ती बसायच्या आधी मी पहिल्यांदाच अंड्याला हात लावला. माठाला हात लावावा तसं गार लागलं. थंडीचे दिवस होते, माय, आणि ती खोली ओलीच असायची. तू संध्याकाळी आलीस, विचारलंस, कोंबडी सोडली होती का, आणि मी हो म्हटलं. ते खोटंही नव्हतं.

पिल्लं निघायचा एकविसावा दिवस गेला, तेविसावा गेला. भुरी बसूनच होती. शेवटी तू एक अंडं फोडलंस. आत पिल्लाचे डोळे धरलेले होते, बाकी काही नाही. मी तुझ्या मागे उभी होते. तू बराच वेळ विचार केलास. खिळा जागेवर होता, अमावास्या टळली होती, ढग तर नव्हतेच. उरली कोंबडी. तू मावशीला म्हणालीस, "हिचं मनच लागत नाई बसण्यात. उठून फिरली असन कुठी. अशी ठेवून का करू?" त्याच आठवड्यात मामा आला आणि तू भुरीला कापलंस. मी खरं सांगून मधे पडले असते तर तू मला मारलं असतंस, आणि कोंबडी वाचली असती. मी हिशेब केला आणि गप्प बसले. अकरा वर्षांच्या मुलीला एवढा हिशेब कळतो, हे मला अजून खटकतं.

आता हे सगळं काऊन काढलं म्हणशील. माझ्या लग्नात तू टोपलीत घालून जी कोंबडी दिली होतीस, तिचाच वंश माझ्या अंगणात आजवर चालू होता. यंदा पोळ्याच्या सुमारास गावात मानमोडी आली. कोंबड्या माना वाकड्या करून पडायला लागल्या आणि दहा दिवसांत सगळी खुराडी रिकामी झाली. आमची एकच वाचली, कारण ती शेतातल्या मांडवावर राहायची, घरी यायचीच नाही. आमच्या बचत गटाला योजनेतून आलेल्या कोंबड्या आहेत, अंडी भरपूर देतात, पण त्यांना बसणं म्हणून माहीत नाही. त्यांच्या भरवशावर राहायचं तर प्रत्येक वेळी पिल्लं बाहेरूनच आणायची. म्हणून पलीकडच्या टोल्यावरून, त्या लहान वस्तीवरून, कोंबडा मागून आणला. त्या एकुलत्या एकीची अंडी मी एकेक करून साठवली, आणि आश्विनात ती खुडूक झाली तशी तिला अकरा अंड्यांवर बसवलं. हे फसलं असतं तर तू दिलेलं माझ्याकडे काही उरलं नसतं. लुगडी केव्हाच विरली.

सून चंद्रपूरची. लग्नाला वर्ष झालं नाही. कोंबडी तिने दुकानात टांगलेलीच पाहिलेली, तरी हे काम तिने हौसेने मागून घेतलं. अठराव्या दिवशी माझी आलापल्लीला अंगणवाडीची मीटिंग होती. चार वाजता परत आले तर ती अंगणात उभी होती. मी चपला काढायच्या आधीच म्हणाली, "आई, माझ्याकडून चूक झाली. कोंबडी सकाळपासून बाहेरच राहिली. मी दार लावून धुणं घेऊन नदीवर गेले आणि मग ध्यानातच नाही राहिलं. आत्ता पाहिलं, तशी आत सोडली." माय, मला तिच्यावर राग आला, पण त्याहून जास्त हेवा वाटला. चूक ध्यानात आल्याला तासही झाला नव्हता आणि ती सांगून मोकळी झाली होती. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "आमच्या घरी असं कधीच झालं नाई." हे मी बोलले याची मला आजही लाज वाटते.

मग मी परात काढली आणि कोमट पाणी ओतलं. हे तूच शिकवलं होतंस. शेवटच्या दिवसांत जिवंत अंडं कोमट पाण्यावर सोडलं की आपोआप डुलतं, मेलेलं नुसतं तरंगत राहतं. मला ते पाहवेना, म्हणून सुनेला म्हटलं, तू सोड. पहिलं अंडं सोडलं. पाणी स्थिर व्हायची वाट पाहत दोघी परातीवर वाकलो. मी मनात धरूनच चालले होते की गेलं सगळं.

"आई, हे हालून राह्यलं." घाबरली की ती आमच्यासारखं बोलते, हे मला त्या दिवशी कळलं. अकरापैकी नऊ हलली. टिनाच्या छताखालच्या त्या खोलीत आश्विनातलं ऊन कोंडलेलं होतं, आणि अठरा दिवसांच्या पिल्लाच्या अंगात स्वतःची थोडी ऊब आलेली असते. तुझ्या वेळची ती थंडी, तो नववा दिवस. मी स्वतःला सोडवून घेत नाही, फक्त सांगते आहे.

नऊच्या नऊ पिल्लं निघाली. दोन तुझ्यासारखी, म्हणजे तू दिलेल्या कोंबडीसारखी म्हणायचं होतं मला, मानेवर काळे ठिपके असलेली. सून वारूळ फोडून आणते आणि त्यातली वाळवी, आमच्याकडची उधई, त्यांच्यापुढे झटकते. घार दिसली की मोठं डालं टाकून सगळ्यांना झाकते, कोंबडीसकट, आणि स्वतःच अंड्यांवर बसल्यासारखी पहारा देते. अशीच एकदा ती डाल्याजवळ बसलेली असताना मी तिला सांगून टाकलं की त्या दिवशी मी खोटं बोलले होते. मंडई, पडदा, भुरी, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या आईंना सांगितलं का मग?" मी म्हटलं, नाही, आणि आता कुठून सांगू. ती म्हणाली, "लिहा न. अंगणवाडीचं रजिस्टर रोज लिहिता, एक कागद नाही लिहिणं होत?"

म्हणून लिहिलं. लिहून कुठे टाकायचं ते तिलाही माहीत नाही, मलाही नाही. घडी करून माझ्या पेटीत ठेवणार आहे. तिने मागितला तर तिला वाचायला देईन असं म्हणत होते, पण आता देता यायचं नाही, कारण एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. ज्या दिवशी तू भुरीला कापलंस, त्या दिवशी मला घास उतरला नाही, असं मी तिला सांगितलं. तसं काही झालं नव्हतं, माय. रस्सा फार चांगला झाला होता, आणि मी दोनदा मागून घेतला.