तिसरा प्रयोग

मंगळवार संध्याकाळ, वडूज

दुपारी स्नेहलचा फोन आला. माझी जुनी विद्यार्थिनी, आता तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे. "मॅडम, तीनदा करून पाहिलं. तो आरएनए ते जनुक बंद करतच नाही."

पाण्याचा ताण पडला की ज्वारीतला एक छोटा आरएनए एक जनुक गप्प करतो, हा माझा शोध. माझं सगळं नाव त्यावरच. मी तेव्हा तीनदा केलं होतं. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा जमलं नाही, तेव्हा नमुना खराब म्हणून ते मी लेखात लिहिलंच नाही. खरंच खराब होता का? की मला तो तसा हवा होता? तो तिसरा प्रयोग दुपारपासून डोक्यातून जात नाही.

चहा पिताना संपतने, धाकट्या भावाने, विचारलं, "आक्का, लय गप हायस?" सगळं सांगितलं.

"जे बियाणं उगवलं न्हाई, ते आपून शेजाऱ्याला देतो व्हय?" एवढंच म्हणाला.

लगेच संपादकांना पत्र पाठवलं, लेख मागे घ्या म्हणून. मग स्नेहलला कळवलं. ती म्हणाली, "मॅडम, मला हे महिन्यापूर्वीच कळलं होतं. तुम्हाला सांगायची भीती वाटत होती."

लेख गेल्यापेक्षा हेच जास्त लागलं.