घड्याळ बरोबर होतं म्हणून उशीर झाला

वारजे, मंगळवार

सौ. तुळजाबाई यांना इंदुबाईचा रामराम. तुमचे गुडघे कसे आहेत? माझे जिथल्या तिथे आहेत, फक्त उठताना बोलतात. आप्पासाहेबांची तब्येत ठणठणीत असणार, कारण फोन तेच उचलतात आणि "आम्हाला वेळ नाही" म्हणून दाणकन ठेवतात. म्हणून हे पत्र. मी सांगतेय, नातू केयूर लिहितोय. लहानपणी तुम्हाला 'तुळजे' म्हणायचे, पण तुमची नात आमच्या ह्याच नातवाला देता की नाही हे ठरेपर्यंत 'तुम्ही'च बरं.

रविवारपासून मला चैन नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की फोन वाजल्याचा भास होतो. तुमच्या संस्कृतीला बघायला आम्ही सकाळी खराडीला यायचं, ते आलो तुमची जेवणाची पानं मांडल्यावर. आप्पासाहेब दारातच म्हणाले, "या. पोहे सकाळी गरम होते." (बोलणं लागलं, पण पोहे गारही चांगले होते.) स्वारगेटच्या गर्दीत अडकलो असं माझा मुलगा म्हणाला, ते अर्धंच खरं. मुळात निघालोच उशिरा, आणि त्याला कारण आमचं भिंतीवरचं घड्याळ.

ते मी कायम चांगलं तासभर पुढे ठेवते. (मला अक्षर येत नाही, काटे येतात.) घरातला जो तो त्यातून आपापल्या मनाने वजाबाकी करतो आणि घर वेळेवर चालतं. आता केयूरचं काम ऐका. ऑफिसात युनिक्सवाले सर्व्हर असतात (हा शब्द त्यानेच घातलाय, मला विचारू नका), म्हणजे ढीगभर कॉम्प्युटर. त्या सगळ्यांची घड्याळं एकसारखी चालतात की नाही, यावर पाळत ठेवायची. एखादं मागे पडलं की याच्या फोनवर बोंब. नाहीतर म्हणे पैसे निघायच्या आधीच पोचल्याची नोंद होते! एकदा तर सगळीच मागे पडली आणि पडद्यावर मात्र सगळं हिरवंगार, म्हणजे ठीकठाक, कारण सगळी एकाच बिघडलेल्या घड्याळाला विचारत होती, आणि तपासणाराही त्यालाच. तेव्हापासून चार वेगवेगळ्या घड्याळांना विचारतात. मी म्हटलं, अरे, आम्ही स्थळाची चौकशी अशीच करत आलो, त्यात नवं ते काय?

तर शनिवारी या पहारेकऱ्याला घरचं घड्याळ खुपलं. त्याने ते गुपचूप बरोबर केलं. (कुणाला सांगायचं असतं, हे ऑफिसात शिकवत नसावेत.) रविवारी सगळ्यांनी घड्याळ बघितलं, सवयीने तास वजा केला आणि निवांत बसले. सूनबाईंनी दोनदा साडी बदलली. आणि ज्याने काटे फिरवले, तोही वजाबाकी करून अंघोळीला गेला!

संस्कृतीची रविवारीही दुपारची पाळी, ती कामावर निघालेली, जिन्यातच भेटली. काय करता, असं तिने विचारलं. केयूर म्हणाला, सगळ्यांची वेळ बरोबर ठेवतो. तशी ती कठड्याला धरून हसली. ते हसणं अजून डोळ्यांपुढून जात नाही.

केयूर तसा वेळेचा पक्का आहे. झालं गेलं पोटात घालून काय ते कळवावं, नाहीतर माझ्या येरझाऱ्यांनी फरशी झिजेल.

इंदुबाई (डावा अंगठा)

ता. क. तुळजे, केयूर ऑफिसला गेला. आता त्याची बहीण राजनंदिनी लिहितीय, मी बोलते तसंच. एकाच घड्याळावर भरवसा नको म्हणून पत्र तिच्याकडनं वाचून घेतलं. 'वेळेचा पक्का' असं मी बोललेच नव्हते. 'झोपाळू हाय, पण मनाचा सरळ हाय,' असं सांगितलं होतं. तसं वाच.

आणखी ता. क. जिन्यातलं मी कुठनं सांगणार? माझे गुडघे असे, मी लिफ्टनं वर आले होते. ते आख्खं त्याच्या पदरचं हाय. मी खोडू दिलं नाही. तू संस्कृतीला एकटीला गाठ, एवढंच वाचून दाखव आन् तिचं तोंड बघ. आप्पासाहेबांना विचारू नको, त्यांचा काटा रविवारपासून अडकलाय. पोरगी हसली तर येत्या रविवारी आम्हाला परत बोलाव. घड्याळ मी पुन्हा पुढं केलंय. ह्या वेळी केयूरला सांगितलेलं नाही.