खाटेखालच्या झावळ्या

पपा, हे मी देवळामागच्या खोलीत बसून लिहितो आहे, फादरांचे झगे ठेवायच्या कपाटाला पाठ टेकून. उद्या राखेचा बुधवार. बाहेर अंगणात तेलाच्या डब्यात झावळ्या जळतायत आणि दर दोन मिनिटांनी मी उठून बघून येतो. वाऱ्यानं डबा कलंडला तर, ठिणगी शेजारच्या ताडपत्रीवर गेली तर, असं सारखं मनात येतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बस जरा, आग तुला विचारून जळत नाही. लोकांनी मागच्या झावळ्यांच्या रविवारी नेलेले झावळीचे क्रूस वर्षभर घरातल्या तसबिरीमागे ठेवले, ते आता परत आणून दिले. त्यांचीच राख उद्या त्यांच्या कपाळाला लागणार. तुम्हाला हे काय सांगायचं, पण लिहायला बसलो की मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, नाहीतर मधेच काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

कपाट तेच आहे. वरच्या खणात पांढरा, मग लाल, मग जांभळा, सगळ्यात खाली हिरवा. जांभळ्याच्या खणाची कडी अजून हातात येते. एकदा मी एका शहीद संताच्या दिवशी लालच्या जागी हिरवा झगा काढून ठेवला होता, आठवतं? मिस्सेची प्रार्थना सुरू व्हायला पाच मिनिटं होती. तुम्ही आवाज चढवला नाहीत. झगा बदललात, माझ्याकडे न बघता म्हणालात, "सातवीत नापास झालास ते चाललं. इथं नापास होऊ नकोस. इथं परत परीक्षा घेत नाहीत."

त्या शेवटच्या वर्षी तुम्ही खोकल्यानं खाटेला लागला होतात. मी सव्वीस वर्षांचा, कॉटन ग्रीनला गोदामात गाठी उचलत होतो. झावळ्यांचं पोतं तुम्ही रविवारीच माझ्या हातात दिलंत आणि सोमवारी जाळ म्हणालात. सोमवारी मी दमलो होतो. मंगळवारी गिरगावात दोस्ताचं लग्न होतं. राखेच्या बुधवारी उपवासकाळ लागला की पास्कापर्यंत, येशू उठतो त्या सणापर्यंत, आपल्यात लग्न लागत नाही, म्हणून त्या मंगळवारी सगळ्यांचीच घाई. मी नाचलो, प्यायलो, आणि बुधवारी पहाटे उठलो तेव्हा पोतं खाटेखाली होतं तसंच. साडेसहाची मिस्सा. मी आईच्या बंबातली राख काढली, लाकडाची, कोळशाची, काय असेल ती, चहाच्या गाळणीनं चाळली, आणि कपाळाला नीट चिकटावी म्हणून तिच्यात पाणी घातलं. तुम्ही तेलाचा एक थेंब घालायचात. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

तुम्ही हट्ट करून आलात. माझ्या खांद्यावर भार टाकून रांगेत पहिले उभे राहिलात. फादरांनी तुमच्या कपाळावर क्रूस काढला, माती आहेस आणि मातीला मिळशील म्हणाले, आणि तुम्ही डोळे मिटलेत. मग आई, मग समोरच्या चाळीतल्या बाई, मग अख्खी रांग. दुपारपर्यंत लोकांची कपाळं चुरचुरायला लागली. ओली राख कातडं खाते, हे तेव्हा मला कळलं. संध्याकाळी फादर आपल्या घरी आले, मागे पाचसहा माणसं, सगळ्यांच्या कपाळावर लाल क्रूस उठलेला. तुमचा तर फोडासारखा सुजला होता. मी मोरीच्या दाराशी उभा होतो. तोंड उघडायचं ठरवत होतो, तेवढ्यात तुम्हीच बोललात.

"राख मी केली, फादर. नजर गेली माझी. पोराला काय माहीत?"

तीस वर्षांत तुमच्या हातून एक मेणबत्ती वाकडी लागली नव्हती. फादरांनी हळू आवाजात सांगितलं की आता तुम्ही आराम करा. माणसं गेली. आई चहा टाकायला वळली. तुम्ही भिंतीकडे तोंड करून मला विचारलंत, "पोतं जाळलंस ना?" मी जाळलं म्हणालो. तुम्ही त्याच्याच वर झोपला होतात. हात खाली घातला असतात तर लागलं असतं. बंबातल्या कोळशाचा वास तुम्हाला राखेत आला नसेल, असं मला आता वाटत नाही.

पास्काच्या तोंडावर देवळातल्या मूर्तींवर जांभळी फडकी चढली त्या आठवड्यात तुम्ही गेलात. तुमच्या कपाळावरचा डाग तपकिरी झाला होता. दफनानंतर फादर मला म्हणाले, वडलांचं देवळातलं काम तू सांभाळ. मी घाबरून हो म्हणालो. बस, एवढंच. त्या भीतीवर आज मी बहात्तर वर्षांचा झालो.

तुमची नात, माझी मुलगी, वसईला आहे. तळमजल्यावर माझ्यासाठी एक खोली रंगवून ठेवली आहे तिनं, कारण माझे गुडघे आता घंटेपर्यंतच्या पायऱ्या मानत नाहीत. ती बोलावते आणि मी टाळतो. उपवासकाळात कसं सोडणार? पास्काला तर माणूसच मिळत नाही. त्यानंतर हिरव्या झग्याचा काळ, लांबच लांब, काम हलकं, म्हटलं एवढं तर झेपतंय. मग आगमनकाळ, परत जांभळा, गव्हाणीचं गवत, नाताळ, आणि बघतो तर लोक झावळ्या आणून द्यायला लागलेले. वर्ष गोल आहे, पपा, त्याला दार कुठं आहे ते मला अजून सापडलेलं नाही. परवा फोनवर ती म्हणाली, "पपा, तुम्ही झगा काढून दिला नाहीत तर येशू उठायचा थांबणार आहे काय?" मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, पास्कापर्यंत हो की नाही ते सांगा, नाहीतर खोली मी सासूबाईंना देते.

म्हणून आज मी ते पोतं घेऊन आलो. हो, अजून आहे. तीनदा गोणपाट बदललं. ठरवलं होतं की ह्याही झावळ्या डब्यात घालायच्या, फादरांपुढे कुमसाराला बसून सगळं कबूल करून टाकायचं, आणि मुलीला हो म्हणायचं. मघाशी नवे फादर अंगणात आले. तरुण आहेत, मला अंकल म्हणतात. पोत्याकडे बोट दाखवून म्हणाले, "अंकल, ह्या पण टाकायच्या ना?" आणि वाकून उचलायलाच गेले.

"ह्या नाहीत, फादर," मी म्हणालो. "ह्या घरच्या."

दर उपवासकाळात मी कुमसाराला बसतो. दुसरंच काहीतरी सांगतो, राग आला, रोझरी चुकली, असलं. तुमची भीती वाटते म्हणून गप्प राहतो असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. ते खरं नाही. खरं सांगितलं असतं तर कुठल्याही फादरांनी पाच मिनिटांत माफ केलं असतं, आणि मग इथं राहायला माझ्याकडे काही कारण उरलं नसतं. दुसरं कुठलं काम मला येत नाही.

डबा आता विझत आलाय. राख गार झाली की बारीक चाळीन, तेलाचा एकच थेंब घालीन, आधी माझ्या मनगटाला लावून बघीन, दरवर्षी बघतो तसं. पोतं परत खाटेखाली जाईल आणि हा कागदही त्यातच. रात्री मुलीचा फोन येईल. मी तिला सांगीन, पास्का होऊ दे.